नांदेडच्या जुन्या मोंढ्यातलं पेटीचं दुकान : व्हिएन्नाला नेलेल्या पेटीचा नऊ महिन्यांचा अनुभव

नांदेडला जुन्या मोंढ्याच्या मागच्या एका बोळात पेटी दुरुस्तीचं दुकान आहे. पाटी नाही. दाराशेजारच्या खिळ्याला एक फाटका भाता टांगलेला असतो, तीच खूण. मोंढ्यात कुणालाही "पेटीवाले मामा" म्हणून विचारलं की बोट दाखवतात. गेल्या सप्टेंबरात माझी पेटी मी तिथं लावून घेतली आणि व्हिएन्नाला आणली. पूर्ण हिवाळा ती माझ्यासोबत इथं राहिली आहे, म्हणून आता तिच्याबद्दल आणि मामांच्या कामाबद्दल खात्रीनं लिहू शकते.

मी व्हिएन्ना विद्यापीठात संगीतशास्त्र शिकते. आमचा विभाग जुन्या सार्वजनिक रुग्णालयाच्या आवारात आहे. १७८४ साली सुरू झालेलं ते रुग्णालय, आता तिथं चौकाचौकांत विद्यापीठाचे विभाग बसलेत. आमचा नववा चौक. ४३ नंबरच्या ट्रामनं उतरायचं आणि झाडांखालून चालत जायचं. पहिलं वर्ष मी पेटीशिवाय काढलं. फोनवर तानपुरा लावायचा आणि गायचं. गळा कसाबसा टिकला, पण बोटं बधिर झाल्यासारखी वाटायची. नांदेडला आमच्या घरी रोज संध्याकाळी आत्या पेटी काढते आणि मी लहानपणापासून तिच्या शेजारी बसत आले. ती सवय एका वर्षात किती खोल गेलेली आहे ते मला इथं कळलं.

दुसरं कारण माझ्या मैत्रिणींचं. त्या इथल्या संगीत विद्यापीठात व्हायोलिन, क्लॅरिनेट, पियानो शिकतात. १९१८ साली संगीतकार आर्नोल्ड शोएनबर्ग यांनी व्हिएन्नात एक संस्था काढली होती. नवं संगीत निवडक श्रोत्यांसमोर नीट तालीम करून वाजवायचं, हा तिचा हेतू. मोठा ऑर्केस्ट्रा परवडत नव्हता, म्हणून मोठ्या रचना सात-आठ वाद्यांत बसवायचे आणि जी वाद्यं नाहीत त्यांची जागा पियानो आणि हार्मोनियम भरून काढायचे. त्या काळातल्या रचना मैत्रिणींना वाजवायच्या होत्या आणि हार्मोनियम वाजवणारं कुणी मिळत नव्हतं. त्यांचं हार्मोनियम पायांनी हवा भरायचं, दोन्ही हात मोकळे. आपला एक हात भात्यावर. तरी त्या म्हणाल्या, एका हाताचं जेवढं होईल तेवढं तू घे, उरलेलं पियानोवर सांभाळू. हार्मोनियमचं पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये दबँ यांनी घेतलं. पुढं ते आपल्याकडं आलं, जमिनीवर बसलं आणि आपलं झालं. १९४० पासून ते थेट १९७१ पर्यंत ऑल इंडिया रेडिओवर पेटीला बंदी होती, तरी आमच्या भागात एकाही भजनी मंडळानं पेटी बाजूला ठेवली नाही. जालन्याच्या अप्पा जळगावकरांसारखा संवादिनीवादक मराठवाड्यातूनच गेला. तीच पेटी मी आता परत युरोपात घेऊन जाणार, या विचारानंच मला भरून आलं होतं.

अडचण एकच, पण मोठी. इथले पियानो ४४३ वर लावलेले असतात. म्हणजे पांढरी सहाचा सूर सेकंदाला ४४३ कंपनांचा. आपल्याकडच्या पेट्या साधारण ४४० च्या आसपास. कागदावर तीनाचा फरक, पण दोन्ही सूर एकत्र धरले तर सेकंदाला तीन लाटा ऐकू येतात आणि सगळं गढूळ होतं. व्हायोलिनवाली तार उतरवील, पियानो कोण उतरवणार? १८८५ साली याच व्हिएन्नात परिषद भरली होती आणि तिथं ४३५ हा आकडा ठरला होता. आज इथला मोठा ऑर्केस्ट्रा ४४३ वर वाजतो.

सुट्टीत घरी आले तेव्हा आत्यानं तिची सागाची पेटी पुढं केली आणि म्हणाली, "ही ने. पण आधी मामांना दाखव. दुसऱ्या कुणाचा हात लागू देऊ नको." साडेतीन सप्तकं, ४२ पट्ट्या, सुरांच्या (आवाज देणाऱ्या पितळी जिभांच्या) दोन ओळी, म्हणजे प्रत्येक पट्टीला दोन सूर. भात्याच्या एका कोपऱ्यातून हवा जात होती आणि तार सप्तकातले दोन सूर उशिरा बोलायचे.

मामांनी पेटी उघडायच्या आधीच विचारलं, "कुठं वाजणार हाय ही?"

मी म्हटलं, व्हिएन्नाला.

"ते झालं गाव. खोलीत का मंडपात? हवा कोरडी का वल्ली? सोबत कोण कोण हाय?"

पाच-सहा प्रश्न विचारून झाल्यावर त्यांनी पेटीचं झाकण काढलं. मला या दुकानाची सगळ्यात जास्त किंमत वाटते ती या प्रश्नांची. त्या दिवशी दुकानात अजून दोन पेट्या होत्या. एक गुरुद्वाऱ्यात कीर्तन करणाऱ्या रागी जत्थ्याची, दुसरी मुदखेडकडच्या भजनी मंडळाची. रागींची पेटी तासन् तास वाजते, तिचा भाता हलका आणि सूर पटकन बोलणारे लागतात. भजनी मंडळाची पेटी टाळ-मृदंगाच्या गजरात, उघड्यावर ऐकू गेली पाहिजे, तिला सुरांची उघड, म्हणजे जिभेखालची फट, जास्त ठेवावी लागते. मामा ही दोन्ही कामं वेगवेगळ्या हातानं करत होते. दोन्ही माणसं आपापल्या पेटीजवळ शांत बसून होती, आणि रागी सरदारजी मधूनच मुदखेडच्या काकांची पेटी वाजवून बघत होते.

मी येताना व्हिएन्नाहून ४४३ चा ट्यूनिंग फोर्क आणला होता. फोनमधल्या ॲपकडं मामांनी बघितलंही नाही, फोर्क मात्र हातात घेऊन गुडघ्यावर आपटला, त्याची दांडी पेटीच्या लाकडाला टेकवली आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "चढाय हाय. पण जमंल."

सूर चढवायचा म्हणजे काय करायचं, हे मी त्यांच्याशेजारी बसून पहिल्यांदा नीट पाहिलं. पितळेच्या पट्टीवर एक पितळेचीच जीभ रिव्हेटनं बसवलेली असते. जिभेचं टोक कानशीनं घासलं की ती तिथं हलकी होते आणि सूर चढतो. मुळाशी, रिव्हेटजवळ घासलं की सूर उतरतो. दोन-तीन हलके हात, पुन्हा पेटीत बसवायचा, पुन्हा ऐकायचा. बाहेर फुंकून ऐकलेला सूर आणि पेटीत बसवून भात्यावर ऐकलेला सूर थोडा वेगळा लागतो, म्हणून प्रत्येक वेळी आत बसवूनच खात्री करायची. आणि हे ८४ वेळा. "घासलेलं पितळ परत येत नाही माय," असं म्हणून त्यांनी मला दोनदा विचारलं की नक्की ४४३ च का. पुढं विचार बदलला तर सूर परत मुळाशी घासून उतरवावा लागेल, जीभ अजून पातळ होईल, आयुष्य कमी होईल. गिऱ्हाईक मागतं ते करून पैसे घ्यायचे, असा विचार असता तर त्यांनी हे सांगितलंच नसतं.

मग गंधाराचा प्रश्न आला. मामा सगळ्या पेट्यांना गायकाच्या पट्टीप्रमाणे शुद्ध गंधार थोडा उतरवून देतात, कारण समान अंतरांच्या (सप्तकाचे बारा सारखे भाग केलेल्या) पेटीतला गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा चढा असतो. तानपुऱ्यावर गाणाऱ्याला तो चढा गंधार टोचतो. पण पियानो समान अंतरांचाच, म्हणून मला बाराही सूर समान अंतरांवर हवे होते. मामा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. त्यांना ते पटत नव्हतं हे दिसत होतं. शेवटी म्हणाले, "तुझ्या सोबत्याच्या वाद्यासारखी करून देतो. गाताना तानपुरा धर, पेटीच्या गंधाराकडं जाऊ नको." आज मी रोज तसंच करते. गाण्याचा रियाझ तानपुऱ्यावर, पेटी फक्त मैत्रिणींसोबत आणि आरतीला. नवं वाद्य घेताना ही गोष्ट आधी ठरवा. पाश्चात्य वाद्यांसोबतही वाजवायचं आणि आपलं गाणंही त्याच पेटीवर करायचं, हे दोन्ही एका पेटीत पूर्ण समाधानानं बसत नाही.

भात्याचा कोपरा त्यांनी नव्या मऊ कातड्यानं बांधला, तोही सरसानं. नवे कारागीर झटपट वाळणारा डिंक लावतात, पण तो पुढच्या दुरुस्तीला सुटत नाही, लाकूडच सोलून निघतं. सरस ऊब आणि ओल दिली की सुटतो. भाता प्रवासात उघडू नये म्हणून दोन पट्टे लावले. पट्ट्या आणि झाकण यांच्यामध्ये सुती साडीची घडी ठेवली, म्हणजे पेटी आदळली तरी पट्ट्या उडणार नाहीत. आत्यानं पेटाऱ्याच्या मोकळ्या जागेत शेंगदाण्याच्या चटणीच्या आणि काळ्या मसाल्याच्या पुड्या बसवल्या होत्या. मामांनी त्या सगळ्या बाहेर काढल्या. खाण्याच्या वासानं किडे येतात, आणि पेटीतल्या बनातीला एकदा कसर लागली की हवा धरत नाही. पुड्या मग माझ्या कपड्यांच्या बॅगेत गेल्या. (तूप आणि पेढे नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे. मसाले आणि चटण्या माझ्या तरी विनातक्रार आल्या.)

लाकडाबद्दलही लोक विचारतात. सागाला काही कागद लागला नाही. शिसवाच्या कुळातल्या लाकडांवर २०१७ च्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले होते आणि वाद्य बनवणारे फार हवालदिल झाले होते. २०१९ च्या नोव्हेंबरपासून आपल्या शिसवाच्या तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. म्हणजे शिसवी तबलाही नेता येतो.

आता ज्या गोष्टींचा मला त्रास झाला त्या. मामांनी आठ दिवस सांगितले आणि अकरा लावले. त्यात अर्धा दोष त्यांचा नाही. सूर एकदा घासला की तीन-चार दिवस तसाच ठेवून पुन्हा तपासावा लागतो, तो थोडा हलतो, हे मला मान्य आहे. पण मधल्या चार दिवसांत दुकान बंद होतं आणि फोन कुणी उचलत नव्हतं. देवगिरी एक्स्प्रेसचं तिकीट हातात होतं आणि पेटी गाडीच्या दिवशी दुपारी मिळाली. मी स्टेशनवर पोचेपर्यंत आई रडायच्या बेतात आली होती. एक खुंटी अजून नीट ओढली जात नाही, ती राहूनच गेली. पैसे किती होणार हे आधी सांगत नाहीत आणि बिल देत नाहीत. विमानतळावर पावती कुणी मागितली नाही, पण मागितली असती तर माझ्याकडं दाखवायला काही नव्हतं. तुम्ही जाल तेव्हा साध्या कागदावर का होईना, काय काम केलं आणि किती घेतले ते लिहून घ्या. मागितलं तर मामा लिहून देतात, हे मला नंतर आत्याकडून कळलं.

एकूण ४,८०० रुपये झाले. पूर्ण सूर लावणं, भात्याचं कातडं, पट्टे, सगळं धरून. व्हिएन्नात अकॉर्डियन दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला मी आधी विचारलं होतं, त्यानं नुसत्या सुरांचेच तीनशे युरोंच्या वर सांगितले होते, आणि भारतीय पेटी कधी उघडली नाही हेही प्रामाणिकपणे सांगितलं होतं.

पेटी पेटाऱ्यासकट सोळा किलो भरली. पेटारा दुसरीकडून घेतला होता, त्याची मूठ मुंबईतच तुटली. पेटीला ओरखडासुद्धा आला नाही.

पहिल्या तालमीला मी पांढरी सहा धरली आणि मैत्रिणीनं पियानोवर तोच सूर दिला. आम्ही दोघी लाट ऐकू येते का म्हणून वाट बघत राहिलो. आलीच नाही. तिनं मान वर केली आणि कुणी लावली म्हणून विचारलं. मी सांगितलं की माझ्या गावात मोंढ्यामागं एक मामा बसतात, त्यांनी गुडघ्यावर फोर्क आपटून कानानं लावली. तिनं मग एकेक सूर करत सगळं सप्तक तपासलं. तिच्या चेहऱ्यावर जे दिसत होतं ते मामांना दाखवता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

खरी परीक्षा जानेवारीत झाली. इथं बाहेर शून्याच्या आसपास थंडी, आणि खोलीत भिंतीला लावलेल्या लोखंडी फण्यांतून गरम पाणी फिरतं. हवा अशी कोरडी होते की ओठ फुटतात. मी आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र घेतलंय, त्यावर २७ टक्के दिसत होते. पट्ट्या किंचित खडखडायला लागल्या. मामांनी आधीच सांगून ठेवलं होतं की लाकूड आकसंल, घाबरू नको, ओला टॉवेल जवळ वाळत घाल. तसं केलं, यंत्र चाळिसाकडं आलं आणि खडखड थांबली. पेटाऱ्यात ओल शोषणाऱ्या पुड्या टाकायची पद्धत आपल्याकडं पावसाळ्यासाठी ठीक आहे. इथल्या हिवाळ्यात त्या मुळीच टाकू नका.

त्याच महिन्यात मंद्र पंचम एकाएकी मुका झाला. दुसऱ्या दिवशी तालीम होती. मामांचं दुकान साडेअकराला उघडतं, म्हणजे हिवाळ्यात माझे सकाळचे सात. वसतिगृहात रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळावी लागते, तेव्हा सातला पेटी वाजवायला हरकत नव्हती. व्हिडिओ कॉल लावला. या वेळी त्यांनी पहिल्या घंटीला उचलला. दुकानात बसलेल्या दुसऱ्या गिऱ्हाईकाला फोन धरायला लावून त्यांनी स्वतःच्या समोरची एक पेटी उघडली आणि मला एकेक पायरी दाखवली. झाकण काढ, आकडे सोड, सुरांची फळी उचल, घाई करू नको. पातळ कागद जिभेखालून हळूच सरकव, जीभ वाकू देऊ नको. कागदाबरोबर लोकरीचा एक लाल तंतू बाहेर आला. माझ्याच ब्लँकेटचा. भाता खोलीतली हवा ओढतो, तिच्याबरोबर तंतूही आत जातो. मामांनी ब्लँकेट कुठं असतं ते विचारलं, पेटी कुठं ठेवतेस ते फोन फिरवून दाखवायला लावलं, आणि पेटी खिडकीखालून हलवून कपाटाच्या बाजूला ठेवायला सांगितली. पैसे किती म्हणून विचारलं तर, "त्यात काय पैसे? पंचम बोलला का ते सांग."

पंचम बोलला. मी त्यांना ऐकवला, आणि दुकानातल्या त्या अनोळखी माणसानंही "वा" म्हटलं.

मग तासाला उशीर झाला. धावत ट्राम पकडली. त्या दिवशी वर्गात सुरांच्या अंतरांचं गणित चाललं होतं, फळ्यावर सेंटचे (अर्ध्या सुराच्या शंभराव्या भागाचे) आकडे होते. शुद्ध गंधाराचे ३८६, समान अंतरांच्या गंधाराचे ४००. हे चौदा सेंट मी आधीच ओळखत होते. मामांनी ते नांदेडला माझ्यासमोर घासताना एकही आकडा उच्चारला नव्हता.

कुणी जावं? ज्यांच्या हातात निदान तीन आठवडे आहेत त्यांनी. ज्यांची पेटी जुनी, चांगल्या लाकडाची आहे त्यांनी. नवी स्केल चेंजर (पट्ट्या सरकवून सूर बदलता येणारी पेटी) घेऊन दोन दिवसांत निघायचं असेल तर मामांकडं जाऊ नका, ते घाईत हात लावत नाहीत आणि तुमचा जीव टांगणीला लागेल. तबला, मृदंग ते करत नाहीत. जाताना तुम्ही ज्यांच्यासोबत वाजवणार आहात त्यांचा सूर कोणता हे विचारून, शक्य असेल तर फोर्क सोबत घेऊन जा. व्हिएन्नाचं ४४३ म्हणजे सगळ्या युरोपचं नव्हे. माझी एक मैत्रीण जुन्या काळचं संगीत वाजवते, त्यांच्याकडं ४१५ चालतं. माझी पेटी पट्टी बदलून वाजवली तरी तिच्यासोबत नीट जुळत नाही. आणि घरी परतल्यावर आत्याच्या भजनी मंडळात ही पेटी दुसऱ्या पेटीशी लागणार नाही. ते मी पत्करलं आहे आणि आत्यानंही.

निघताना मामांनी एकच गोष्ट मागितली होती. बारीक कानशी. नांदेडला मिळतात त्या लवकर बोथट होतात आणि पितळेवर ओरखडे उठवतात. गेल्या आठवड्यात इथल्या घड्याळाची हत्यारं विकणाऱ्या दुकानातून मी सहा स्विस कानशी घेतल्या, दोन चपट्या, दोन गोल, दोन तिकोनी. दुकानदारानं कशासाठी म्हणून विचारलं आणि मी सांगितल्यावर त्यानं त्या प्रत्येकीला तेलाचा हात लावून वेगवेगळ्या कागदात गुंडाळून दिल्या. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी नांदेडला असेन. राहिलेली खुंटी तेव्हा करून घ्यायची आहे, आणि या वेळी पेटी पहिल्याच दिवशी नेऊन ठेवणार आहे.